दाराबाहेरची समाधी
(मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त झालेले प्रवचन)



देवळाचे काम निघाले की गावात एक प्रश्न हमखास फिरू लागतो. पारावर, दुकानाच्या फळीवर, सकाळच्या गाडीची वाट पाहताना फलाटावर, जिथे चार माणसे जमतील तिथे तो निघतो. "कळस कधी चढणार?" प्रश्न वाईट नाही. ज्याने पदरचे पैसे दिले, ज्याने दगड-विटा वाहिल्या, त्याला तो विचारण्याचा अधिकारच आहे. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि तो सहसा कुणी उघड विचारीत नाही. इतके केले, पण देव कधी पावणार? नाव घेतले, वाऱ्या केल्या, उपासतापास केले. तरी मुलाला नोकरी लागली नाही, घरातले दुखणे हटले नाही, जमिनीचा दावा सुटला नाही. मग चुकले कोणाचे? आजचे निरूपण या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

आपल्या भागातील जुन्या माणसांना याच्या उत्तरासाठी पोथी उघडावी लागत नसे. ठाण्याच्या खाडीपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत, खाडीच्या काठाकाठाने जी खारी जमीन पसरली होती, तिच्यातून त्यांनी भात काढले. आज त्यातील कितीतरी जमिनीवर इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत राहणाऱ्या मुलांना खाली एके काळी शेत होते हे सांगूनही खरे वाटणार नाही. ते शेत कसे तयार होत असे, हे या ठिकाणी थोडे सांगितले पाहिजे.

ओहोटीची वेळ साधून सगळा गाव चिखलात उतरे. चिखलाचे गोळे एकावर एक थापून खाडीच्या बाजूने बांध घालायचा, मध्ये उघाडी ठेवायची. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जावे, अशी ती योजना. बांध झाला म्हणजे शेत झाले असे मात्र नव्हे. जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघावे लागते, आणि ते एका पावसाळ्याचे काम नाही. पहिल्या वर्षी काही येत नाही. दुसऱ्या वर्षी कुठे गवताची काडी दिसते. त्यानंतर कधीतरी, खार सोसणारे जाडे-भरडे भात धरते. मध्येच एखाद्या अमावास्येचे उधाण आले, बांधाला खांड पडली आणि खारे पाणी आत शिरले, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! तरीही माणसे बांध घालीत राहिली. ज्या म्हाताऱ्याने पहिला गोळा थापला, त्याला त्या शेताचा भात खायला मिळेलच असे नव्हते. हे त्याला ठाऊक नव्हते काय? चांगले ठाऊक होते. पण पाऊस पडणार, मीठ उतरणार, एवढा त्याचा भरवसा होता. आणि भरवसा आहे म्हणून तो घरात बसून राहिला नाही, कमरेइतक्या चिखलात उभा राहिला.

असेच दुसरे उदाहरण आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. अंबरनाथचे शिवमंदिर बहुतेकांनी पाहिले असेल. महाशिवरात्रीला तर वालधुनीच्या काठी मुंगीला शिरायला जागा नसते. गाभाऱ्यात जायला पायऱ्या चढायच्या नसून उतरायच्या असतात, हे तिथले वैशिष्ट्य. त्या देवळात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचा तो काळ. या घराण्यात छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी असे तीन भाऊ एकामागून एक गादीवर आले. छित्तराजाच्या वेळी देवळाचा आरंभ झाला आणि ते पूर्णत्वाला गेले ते धाकट्या मुम्मुणीच्या कारकिर्दीत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याने संकल्प केला त्याच्या डोळ्यांना ते पुरे झालेले दिसले नाही. मधल्या भावाच्या नावावर तर ना आरंभ, ना शेवट. राजांची नावे निदान दगडावर राहिली. ज्यांनी त्या दगडातून हत्ती, अप्सरा आणि वेलबुट्टी काढली त्यांची नावे आज कुणाच्या ओठांवर नाहीत. पण त्यांनी छिन्नी हलक्या हाताने मारली, असे कुठेही दिसत नाही. देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन खात्री करून घ्यावी.

आता कुणी म्हणेल, ही राजांची आणि बांधांची गोष्ट झाली, आमच्या नवसाचे काय? नवसाला कमी लेखण्याचे कारण नाही. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे देऊळ नवसाचेच. चिमाजी अप्पांच्या फौजेने मार्च १७३७ मध्ये ठाणे घेतले, पण वसईचा किल्ला पडायला मे १७३९ उजाडला. दोन वर्षे सैन्य झुंजत होते, माणसे कामी येत होती. त्या काळात अप्पांनी देवीला नवस बोलला आणि वसई मिळाल्यावर सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून हे देऊळ बांधविले, अशी हकीकत आहे. नवस फेडणारा माणूस शब्दाचा पक्का, यात शंका नाही. पण नवसात एक 'जर' असतो. हे झाले तर ते करीन. तो व्यवहार आहे, प्रामाणिक व्यवहार आहे, आणि लहान मूल आईशी असा व्यवहार रोज करते. प्रश्न येतो तो 'जर' खोटा ठरल्यावर. मागितले ते मिळाले नाही, दिसत तर काहीच नाही, तरी पुढच्या एकादशीला टाळ हातात घ्यायचा की खुंटीला टांगायचा? इथे वज्रेश्वरीची वाट संपते आणि पंढरीची लागते.

पंढरपुरात ज्याला आयुष्यात एकदाही आत जाऊ दिले नाही, अशा भक्ताची कथा सांगायची आहे. चोखोबा. घरात सगळ्यांनाच ते नाव ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच आपण त्यावर फारसा विचार करीत नाही.

संत चोखामेळा महार कुळातले. त्यांचे जन्मगाव विदर्भातील मेहुणा राजा, अशी परंपरा आहे. वास्तव्य पंढरपूरजवळच्या मंगळवेढ्यास. गुरू नामदेव महाराज. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे अभंग रचणारे. एका घरात पाच कवी! कुठल्या राजवाड्यातही असे घर सापडणार नाही, आणि हे घर होते गावकुसाबाहेर. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढण्याची परवानगी नव्हती. ज्याचे नाव चोवीस तास घ्यायचे त्याचे मुख पाहायचे नाही, असा तो न्याय. पुढे त्यांना चंद्रभागेपलीकडे राहावे लागले आणि तिथे, देवळाच्या समोरच्या तीरावर, त्यांनी दीपमाळ उभारली, असे सांगतात. देव आत, दिवा नदीपलीकडे!

भाविक कथांत देव चोखोबांकडे येतो. त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांची गुरे ओढतो. सोयराबाई अवघडलेली आणि चोखोबा घरी नाहीत, तेव्हा विठ्ठल नणंदेचे रूप घेऊन आला आणि बाळंतपण करून गेला, हीही कथा आपल्या बायकांच्या आवडीची. या कथा खऱ्या की खोट्या, असा वाद करणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, देव दाराबाहेर आला असे त्या पाचही जणांना वाटत होते. दार मात्र उघडले नव्हते.

आणि शेवट कसा झाला? १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायचे काम निघाले. त्या कामावर चोखोबा होते. भिंत कोसळली, आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. कुठला चमत्कार झाला नाही, कुणी हात देऊन बाहेर काढले नाही. नामदेव महाराज मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात अस्थी कुणाच्या हे ओळखायचे कसे? ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची, असे म्हणून त्यांनी ती वेचली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. द्वारासमोर. आत नव्हे.

हिशेबाच्या वहीत मांडले तर या भक्तीच्या जमेच्या बाजूला शून्य येते. जन्मभर नाम घेतले, दर्शन नाही. जन्मभर सेवा केली, मान नाही. आणि मरण आले ते भिंतीखाली. मग चोखोबांनी कधी विचारले नाही काय, की देवा, हे असे का? विचारले. त्यांच्या अभंगांत तक्रार आहे, राग आहे, रडणे आहे. मुलगा कर्ममेळा तर बापापेक्षा तिखट. हलक्या म्हणविल्या जाणाऱ्या कुळात जन्म देऊन तू आमची अशी दशा का केलीस, असा रोख सवाल त्याने देवाला घातला आहे. ज्याच्या जन्माच्या वेळी देव सुईण होऊन आला असे म्हणतात, तोच हा मुलगा! हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. पुष्कळांना वाटते, श्रद्धा म्हणजे तोंडातून अवाक्षर न काढणे. घरात काही बरेवाईट झाले आणि कुणी बाई देवापुढे उभी राहून भांडली, तर शेजारीण कानावर हात ठेवते. पण वारकऱ्यांनी कर्ममेळ्याचे अभंग काढून टाकले नाहीत. गाथेत ते बापाच्या अभंगांशेजारी राहिले आहेत. भांडायचे तर ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशीच माणूस भांडतो. परक्या माणसाशी कोण भांडत बसतो?

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे, देवाच्या दारात बोलायची म्हणून तर अधिकच. "धीर धर, देवावर भरवसा ठेव, फळाची वाट पाहू नकोस", हे शब्द कोण कोणाला सांगतो, यावर त्यांचा अर्थ ठरतो. चोखोबांनी स्वतः धीर धरला, ती भक्ती. पण ज्यांच्या हातात दाराची कडी होती त्यांनी चोखोबांना धीर धरायला सांगितले असेल, तर त्याला भक्ती म्हणता येणार नाही. कडी काढायला फळ दिसण्याची वाट पाहावी लागत नाही. वाट पाहणारा वेगळा आणि वाट पाहायला लावणारा वेगळा. देवाची आज्ञा दोघांनाही होती. एकाने पाळली, आणि दुसऱ्याने सहाशे वर्षे पाळली नाही.

ही वाट पाहणे सर्वांनीच मुकाट सोसले असेही नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष रामाच्या दारात उभे राहिले. दगड खाल्ले, तुरुंग सोसला. पाच वर्षे लढा चालला, दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी आपला निश्चय जाहीर केला आणि १९५६ साली नागपूरला लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांना दोष देण्याचा अधिकार दार बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना नाही. आपण आपल्या घरातले किती लोक कायमचे गमावले, याचा हिशेब मात्र त्या नातवंडांनी जरूर करावा.

आता पंढरपूर. १९४६ साल. साने गुरुजी हे नाव आपल्या घराघरांत 'श्यामची आई'मुळे पोचलेले. पालगडसारख्या कोकणातल्या खेड्यात १८९९ साली जन्मलेला, अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवणारा, स्वातंत्र्यासाठी वारंवार तुरुंगात गेलेला हा हळवा माणूस. लोक त्यांना रडका म्हणत. स्वराज्य दाराशी आलेले असताना गुरुजींच्या मनाने घेतले की विठ्ठलाचे दार बंद राहून देश मोकळा झाला असे म्हणता येणार नाही. त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. त्यापूर्वी काही महिने महाराष्ट्रभर दौरा काढला. गावोगाव सभा, कलापथकाची गाणी आणि पोवाडे. त्या दौऱ्यात अनेक गावांनी आपली देवळे, आपल्या विहिरी खुल्या केल्या. पंढरीचे दार मात्र हलले नाही.

१ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. वैशाखातले पंढरपूर म्हणजे काय, हे तिकडे गेलेल्यांना सांगायला नको. चंद्रभागेची वाळू पायाला चटके देते. गावात विरोध होता, निंदा होती. धर्म बुडतो म्हणून कंठशोष करणारे होते. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. पाचवा गेला. काहीही दिसत नव्हते. मठात पडलेल्या त्या कृश माणसाच्या हातात होते काय? ना सत्ता, ना पैसा, ना पलटण. अन्न न घेता पडून राहायचे आणि माणसांच्या मनात देव आहे यावर भरवसा ठेवायचा, एवढेच. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले आणि गुरुजींनी उपोषण सोडले.

१३३८ ते १९४७. सहाशे नऊ वर्षे. महाद्वारासमोर त्या समाधीत पडून चोखोबा एवढा काळ वाट पाहत होते, असे म्हटले तर चालेल. ज्या साली देश स्वतंत्र झाला, त्याच साली ते आत गेले. आणि स्वराज्याच्या तीन महिने आधी गेले!

पण तेवढ्याने सगळे गोड झाले असे समजू नये. त्या वेळी काही मंडळींनी देवाचे तेज मूर्तीतून काढून घागरीत घेतले, आता आत नुसता दगड आहे, असा प्रचार केला. ज्यांना दर्शन नको होते त्यांनी घागरीची पूजा करावी! लोकांनी त्याकडे लक्ष दिले नाही. रांगा विटेपुढेच लागत राहिल्या. गुरुजींना मात्र फळ चाखायला वेळ मिळाला नाही. ११ जून १९५० रोजी ते गेले, तेही मनाने खचून. पुढे बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाने संपविले ते २०१४च्या जानेवारीत, आणि त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून, स्त्रियांतूनसुद्धा, अर्ज मागविले. म्हणजे पाहा, १३३८ चा बांध, १९४७ ची उघाडी, आणि मीठ अजून धुऊन निघतेच आहे.

देणगीदार मंडळींना या ठिकाणी एक विनंती. पावतीवरचे नाव आणि भिंतीवरची फरशी यांचा लोभ कुणाला सुटलेला नाही, आणि त्यात फार मोठे पाप आहे असेही नाही. ठाण्याचे कौपिनेश्वर १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधविले, म्हणून त्यांचे नाव आज आपण घेतो. पण त्यानंतर ज्यांनी ज्यांनी वर्गणी देऊन त्याची डागडुजी केली, दिव्याला तेल घातले, पाण्याची सोय केली, त्यांची यादी कुठे आहे? देऊळ मात्र उभे आहे. तेव्हा पैसे दिल्यावर, "माझे दुकान चालेना, मग देऊन काय मिळाले?" असा हिशेब ज्याच्या मनात येईल त्याने तो लपवू नये. कर्ममेळ्यासारखा सरळ देवाला विचारावा. फक्त विचारून झाल्यावर टाळ खुंटीला टांगू नये.

आणि ग्रामस्थांना विनंती अशी की, नव्या देवळाची चौकट बसेल तेव्हा उंबरठा ओलांडताना कुणाचे पाऊल अडखळणार नाही याची काळजी गवंड्यावर सोपवू नये. ते काम गावाचे. कुणाच्या घरचा नैवेद्य आधी, पालखीला खांदा कुणाचा, कुणाची सून आत आली आणि कुणाची बाहेर राहिली, असल्या गोष्टींत जुन्या देवळाच्या भिंती भिजल्या, तेवढे पुष्कळ झाले. ही आज्ञा पाळायला कळस चढेपर्यंत थांबण्याची गरज नाही. ती काम चालू असतानाच पाळता येते.

आषाढात आपल्याकडे भाताच्या लावणीची घाई, म्हणून वारीला सगळ्या घराला निघता येत नाही. कापणी आटोपून कार्तिकीला मात्र कल्याण-ठाण्याकडून पुष्कळ मंडळी जातात. ती पंढरपुरात पोचली की दर्शनाच्या रांगेची घाई होते, पोरेबाळे, पिशव्या, गर्दी यांत महाद्वारापाशी कुणाचे लक्ष राहत नाही. तिथे नामदेवांची पायरी आहे, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. दार उघडून इतकी वर्षे झाली तरी ती आत हलविलेली नाही, होती तिथेच आहे. यंदा जाणाऱ्यांनी लहान मुलांना तिथे क्षणभर उभे करावे, ही समाधी दाराबाहेर का आहे ते त्यांना सांगावे, आणि मग रांगेला लागावे.